सत्त्याहत्तर हिरवे चेहरे

टँजियर, २४ जून

मग तूच सांग दादा, मी काय अद्दीच्या डोक्यात शिरून बसलो होतो? फोन तू उचलत नाहीस, पाठवलेले पैसे परत करतोस, आणि चिठ्ठी लिहितोस ती अशी, दोन ओळींची. 'तू त्याच्या शेजारी उभा होतास.' होतो. रोज आठ तास उभा होतो. पण वायरींवर टेप गुंडाळताना माणूस शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही. समोरून फळी सरकत येते, तिच्यावर गाडीच्या वायरी ताणलेल्या असतात, दीड मिनिटात आपल्या वाट्याचं गुंडाळायचं, तोवर फळी पुढच्याकडे. माझी जागा अकरावी, अद्दीची बारावी. मला त्याचे फक्त हात दिसायचे. हात चांगले चालत होते.

आणि मी त्याला इकडे ओढून आणलं असं इत्तो वहिनी सांगत फिरते, ते मला मान्य नाही. भाऊ तिचा आहे, तिचा जीव तुटतोय, कळतं मला. पण सफरचंदांचा हंगाम संपल्यावर चुलीपाशी बसून तीच म्हणाली होती, 'बास्सू, याला पण लाव कुठंतरी. इथं नुसता डोंगराकडे बघत बसतो.' विचार तिला.

तू मिडेल्टच्या कामगार कचेरीत अद्दीच्या उपचाराच्या खर्चासाठी अर्ज दिलास आणि कंपनीनं उलट कागद पाठवला, तो मला माहीत आहे. आमच्याकडे हजेरीचं यंत्र वेगळं आणि हे वेगळं. हे मनाचं. ओळीच्या तोंडाशी खांबावर आहे. सकाळी कार्ड लावायचं की तीन चेहरे येतात. हिरवा हसरा, पिवळा गप्प, लाल रडका. आज मन कसं आहे ते बोटानं दाबायचं. कागद म्हणतो की मार्च ते मे अद्दीच्या नावानं सत्त्याहत्तर दिवस हिरवा आहे, तेव्हा जे झालं ते कामामुळे नाही. तू विचारतोस खरं काय. कागद खोटा नाही दादा. सत्त्याहत्तरच आहेत.

त्याचं कार्ड बहुतेक माझ्या खिशात असायचं. विसरायचा तो. सगळंच सांगायचं म्हणून हेही सांगितलं.

बास्सू


टँजियर, ६ जुलै

दादा,

तुझं पत्र आलं. एवढं मोठं पत्र तू मला पहिल्यांदाच लिहिलंस, आणि ते वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. त्याच्या बोटांबद्दल जे लिहिलंस ते. भिंतीला टेकून बसतो, बोलत नाही, आणि हात हवेत गोल गोल फिरत राहतात. वहिनीनं हातात लोकर दिली तर काठीला सगळी लोकर गुंडाळून टाकली, एकावर एक, एक वळसा तिरका नाही. तुला वाटलं तो खेळतोय. दादा, तो खेळत नाही. त्याला बाराव्या जागेचं काम येतंय समोर. दर दीड मिनिटाला.

त्या दिवशी काय झालं ते तू चारदा विचारलंस आणि मी चारदा 'चक्कर आली' सांगितलं. चक्कर आली नव्हती.

ईदहून आम्ही दोघं परतलो त्याला दोनच दिवस झाले होते. बारा जून, सकाळचे दहा-साडेदहा. अद्दीनं वायरींच्या जुडग्याबरोबर आपला डावा हातही गुंडाळला. आधी बोटं, मग पंजा, मग मनगट. चुकून नाही. सावकाश, नीट, प्रत्येक वळसा आधीच्या वळशावर अर्धा चढवून, जसं शिकवतात तसं. मी शेजारी होतो. हात चालताहेत एवढंच मला दिसलं. मग फळी पुढे सरकली आणि तो तिच्याबरोबर चालायला लागला.

ओरडला नाही. ओढही घेतली नाही. तेराव्या जागेसमोरून गेला, चौदाव्या, पंधराव्या. पोरी बाजूला होऊन वाट देत होत्या, कुणाला काही कळेना. एक हसलीसुद्धा. 'कुठं निघालास रे नवरदेवा?' म्हणाली. एकविसाव्या जागेवर शामा आहे, वयानं मोठी, लाराशची, नवरा नाही, तीन मुली. तिनं लाल दोर ओढला तेव्हा ओळ थांबली. कात्रीनं टेप कापायला लागलो तर उजव्या हातानं तो माझी कात्री धरायला लागला. रागानं नाही. चांगलं केलेलं काम कुणी बिघडवतंय म्हणून धरतात तशी.

परिचारिकेनं पाणी दिलं आणि कागदावर 'थकवा' लिहिलं. संध्याकाळी मी त्याला मिडेल्टच्या गाडीत बसवला. पुढचं तू बघतोच आहेस.

अजून एक. गेटमधून आत आलं की उजव्या भिंतीवर त्याचा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, सातव्या ओळीचा सर्वांत आनंदी कामगार, सत्त्याहत्तर दिवस. फोटो कार्डावरचाच, मोठा केलेला. त्यात तो हसतही नाहीये. मी रोज खाली बघत जातो. तरी आत गेल्यावर पाठीवर काहीतरी बसल्यासारखं होतं. तू म्हणशील, ही बास्सूची जुनी नाटकं.

बास्सू


टँजियर, २१ जुलै

दादा,

'कार्ड तुझ्या खिशात का होतं' एवढंच लिहून पाठवलंस. नमस्कार नाही, काही नाही. बरोबर आहे.

फेब्रुवारीत त्यानं एकदा लाल दाबला होता. एकदाच. घरची आठवण येत होती, झोप लागत नव्हती, खोलीत आम्ही सहा जण. यंत्र विचारतंय तर खरं सांगावं असं त्याला वाटलं. अद्दी तसाच आहे, कुणी 'कसा आहेस' विचारलं तर थांबून विचार करतो. लाल दाबला की गुरुवारी बोलावणं येतं. कॅसाब्लांकाहून एक मॅडम येतात, मनाच्या. त्यांची खोली ओळीच्या टोकालाच आहे, आणि चारी बाजूंनी काच. आत दोन खुर्च्या, एक झाड, कागदी रुमालांचा डबा. काच का, तर म्हणे मोकळं वाटावं. अद्दी वीस मिनिटं आत बसला आणि आमची अडतिसांची ओळ बाहेरून बघत होती. त्याच्या जागेचं काम माझ्यावर आलं. आमची शेफ, म्हणजे ओळीची मुकादम, बतूल मागून येऊन मला म्हणाली, 'गुंडाळ राजा, गुंडाळ. तुझा पाहुणा आत हवा खातोय.' तो बाहेर आला तर पोरींनी विचारलं, 'काय रे, लग्न ठरलं का मॅडमशी?' तेव्हापासून सगळे त्याला नवरदेवच म्हणायला लागले. मीसुद्धा म्हणायचो.

संध्याकाळी मी विचारलं, मॅडमना काय सांगितलंस. म्हणाला, 'काही नाही. त्या चांगल्या होत्या, पण माझी पाठ काचेला होती.'

मार्चात कंपनीनं जाहीर केलं. ज्या ओळीचे सगळे चेहरे मे अखेरपर्यंत हिरवे राहतील, त्या ओळीच्या प्रत्येकाला ईदच्या बकऱ्याचे अडीच हजार दिरहम. दादा, तुला बाजारातला भाव माहीत आहे. शामानं तीन वर्षांत बकरा आणला नव्हता. दर ईदला मुलींना घेऊन बहिणीकडे जायची, आणि कशाला गेली ते सगळ्या मोहल्ल्याला कळायचं. तिनं फक्त अद्दीकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

पहिल्याच सकाळी तो यंत्रासमोर उभा राहिला आणि मागे रांग खोळंबली. बोट वर करून तसाच उभा. रमजानचे दिवस, पहाटेपासून पोटात काही नाही, बतूल ओरडतेय. शेवटी मीच त्याच्या हातातून कार्ड घेतलं आणि दाबला हिरवा. म्हटलं, 'एवढं काय त्यात? सगळेच खोटं दाबतात.' खरंच सगळे दाबत होते. शामाची मधली मुलगी दवाखान्यात होती तेव्हाही ती हिरवीच होती.

दुसऱ्या दिवशीही मीच दाबला. मग कार्ड माझ्याकडेच राहिलं. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तो विसरायचा. तो काही विसरत नव्हता.

तो बकरा तुला आठवतो ना, काळ्या तोंडाचा, वळलेल्या शिंगांचा. गावात तू लोकांना सांगत होतास, आमच्या पोरांना हसतमुख राहिल्याबद्दल मिळाला. वहिनीनं कलेजी भाजली, पहिली सळई भावाला दिली. त्यानं ती बाजूला ठेवली आणि सळईभोवती बोट फिरवत बसला. कुणी लक्ष दिलं नाही. मी दिलं होतं.

बास्सू


टँजियर, ४ ऑगस्ट

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच लिहितोय. उत्तराची वाट बघत बसलो तर हे कधीच लिहून होणार नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला एवढं लिहायला किती वेळ लागतो तुला माहीत आहे.

वीस मे. मंगळवार होता. खोलीवरून कारखान्याच्या बसकडे जाताना अद्दी म्हणाला, 'बास्सू, आज माझं कार्ड दे. आज मी दाबतो.'

मी विचारलं, 'कोणता दाबणार?'

म्हणाला, 'त्या मॅडमकडे जायचंय. मला हात थांबवता येत नाहीत. झोपेतही चालतात. हे बघ.'

आणि दाखवले हात. तेव्हाच फिरत होते दादा. थोडेसे, पण फिरत होते.

तो लाल दाबणार होता. बकऱ्याला अकरा दिवस उरले होते. अडतीस माणसं. मी म्हटलं, 'अकरा दिवस थांब. एक तारखेला हवा तो दाब, मी स्वतः तुला घेऊन जातो मॅडमकडे.' त्यानं माझ्याकडे बघितलं, जसं तो यंत्राकडे बघायचा तसं. मग म्हणाला, 'बरं.'

तो शेवटचा शब्द. त्यानंतर अद्दी माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं रुसलाय. ईदला घरी तो गप्प होता, तुम्हाला वाटलं प्रवासानं दमलाय. एक तारीख आली, गेली. बकऱ्याचे पैसे हातात पडले आणि मी विसरलो. मुद्दाम नाही. पण विसरलो हे खरं.

आणि याच्यापेक्षा वाईट अजून आहे. त्याचं कार्ड अजूनही माझ्याकडे आहे आणि मी अजूनही दाबतो. कागदावर तो आजारपणाच्या रजेवर आहे, नाव यादीत आहे, आणि रिकामी जागा यंत्र लालमध्ये मोजतं. बतूलनं सांगितलं, 'पोरा, ओळीचा रंग जाऊ देऊ नकोस. वरून मला बोलावतात.' तिचंही खरं आहे, तिला दर सोमवारी वर उभं करतात. म्हणून मी सकाळी आधी माझं कार्ड लावतो, हिरवा, मग त्याचं, हिरवा. यंत्र लिहितं, 'शुभ सकाळ अद्दी, आजचा दिवस छान जावो.' आणि वर ओळीच्या पडद्यावर बाराव्या जागेवर त्याचा चेहरा हिरवा होतो. त्या जागेवर आता दुसरा पोरगा उभा असतो. चांगला आहे, गाणी म्हणतो. पण फळी त्याच्याकडे सरकली की मला त्याचे हात दिसत नाहीत, अद्दीचे दिसतात, टेपात बांधलेले. काल मी दोनदा दोर ओढला. ओळ थांबली. काहीच नव्हतं. बतूलनं विचारलं, 'काय दिसतंय तुला तिथं?' मी म्हटलं, डोळ्यात कचरा गेला.

तिकडे तो भिंतीला टेकून बसलाय आणि इकडे मी त्याला रोज हसवतोय.

बास्सू


टँजियर, २९ ऑगस्ट

दादा,

जुलैच्या पत्राला तू एकच ओळ लिहिलीस, ती माझं चार तारखेचं पत्र टाकल्यावर हाती आली. 'हे कचेरीत सांगशील का, की मलाच लिहून मोकळा झालास?' ती चिठ्ठी घडी करून मी कामावर नेली होती. सात ऑगस्टला, गुरुवारी.

या वेळी माझं कार्ड आधी लावलं नाही. अद्दीचं लावलं आणि लाल दाबला.

यंत्रानं लिहिलं, 'सांगितल्याबद्दल आभार अद्दी. आम्ही ऐकतो आहोत.' पडद्यावर अडतिसांत तो एक लाल. बतूल पळत आली. 'चुकून दाबलंस ना? सांग चुकून दाबलंस.' मी म्हटलं, 'नाही शेफ. त्याचा हा मे महिन्यापासून राहिला होता.' तिनं तोंडावर हात ठेवला. शिव्या देईल वाटलं होतं, दिल्या नाहीत.

दहा वाजता बोलावण्याची चिठ्ठी आली. अद्दीच्या नावाची, बाराव्या जागेवर. नवा पोरगा म्हणाला, 'ही माझी नाही.' मी घेतली आणि काचेच्या खोलीत गेलो.

मॅडम कागदावरून मान न उचलता म्हणाल्या, 'बस अद्दी.'

बसलो. पाठ काचेला. दादा, ती खुर्ची तशीच ठेवलेली आहे, माणसानं आत बघावं आणि बाहेरच्यांनी त्याची पाठ बघावी. मानेवर सगळ्या ओळीची नजर कळते. मी म्हटलं, 'मी अद्दी नाही. अद्दी घरी आहे. त्याचे सत्त्याहत्तर हिरवे मी दाबले, आणि नंतरचेही.' मग वीस मे सांगितला. थांबत थांबत सांगितला.

त्यांनी लिहायचं पेन खाली ठेवलं. विचारलं, 'तुझे स्वतःचे किती खरे होते?'

मी आठवून बघितलं. म्हटलं, 'ईदच्या आधीचा एक. बकरा घ्यायला निघालो त्या दिवशीचा.'

त्या म्हणाल्या, 'सातव्या ओळीची नोंद मी उघडूनही बघत नव्हते. सगळी हिरवी असायची, तर मी दुसरीकडे लक्ष द्यायचे.' मग म्हणाल्या, 'हे मला सांगून भागणार नाही. कामगार निरीक्षकासमोर सांगशील? मी सोबत येते.'

आल्या सोबत. स्वतःच्या गाडीनं. निरीक्षकानं सगळं लिहून घेतलं, तारखांसकट, मला वाचून दाखवलं, मी सही केली. मॅडमनीही खाली आपलं लिहिलं की फेब्रुवारीत अद्दीनं लाल दाबला होता आणि पुढे कुणी विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. त्यांच्या जागी अजून कुणी आलं नाही. काचेच्या खोलीत आता टेपची खोकी ठेवलीत.

मला अठरा तारखेला काढलं. कारण, दुसऱ्याचं कार्ड वापरलं. ते खरंच आहे, भांडायला जागा नाही. निघताना त्या भिंतीकडे बघितलं, फोटो काढलाय, भिंतीवर चौकोन तेवढा पांढरा राहिलाय. तो चौकोन बघवेना. फोटो होता तेव्हा निदान खाली तरी बघता यायचं.

ओळीचा रंग गेला, आणि पुढच्या ईदचे पैसेही गेले असं सगळे म्हणतात. कपाट रिकामं करताना शामा माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, 'तुझा तो पोरगा बोलायला लागला की मला कळव. माझ्या मुलींना काय सांगायचं ते मी बघेन.' टोमणा होता की काय ते मला कळलं नाही. तिलाही कळलं नसेल.

आता बंदरावर मासळीच्या पेट्या उतरवतो. रोजावर. पेटी जड असते, दोन्ही हात लागतात, त्यामुळे बरं आहे. कारण दादा, हे तुला एकट्याला सांगतो, गेल्या आठवड्यात चहा पिताना बघितलं, माझी बोटंही पेल्याभोवती फिरत होती. मी पेला खाली ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसलो. मॅडमनी मला मेकनेसच्या एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलंय. अद्दीसाठी दिलं होतं, पण मीही जाईन म्हणतो, त्याच्या पाठोपाठ. आधी त्याला जाऊ दे. या वेळी आधी त्याला.

जबाबाची नक्कल सोबत आहे, शिक्क्यासकट. ती मिडेल्टच्या कचेरीत दे आणि सांग, त्या कागदावरचे चेहरे अद्दीचे नव्हते. वहिनीला हे पत्र वाचून दाखव. वीस मेचं पानही. ती मला काय म्हणेल ते म्हणू दे, पण तिला भाऊ थकलाय असं वाटायला नको. त्यानं मागितलं होतं, हे तिला कळायला हवं. डॉक्टरांकडे तूच घेऊन जा, आणि त्यांच्या खोलीत त्याची पाठ भिंतीला लागेल असा बसव.

कंपनीनं शेवटचा हिशेब केला तो अठराशे चाळीस दिरहमचा. पावतीवर त्यातले दीडशे वेगळे दाखवलेत, 'उत्साह भत्ता' म्हणून. ते मी शामाच्या हातात ठेवले, तिनं न मोजता खिशात टाकले. उरलेले तुला धाडतोय, परत पाठवू नकोस. ते माझे नाहीत, दोघांचं मेकनेसचं भाडं आणि डॉक्टरांची पहिली भेट आहे. एक हजार सहाशे नव्वद दिरहम.